क्रमांक तीन: रणजीत, एकट्याने

थोरातांच्या घरात बेसूर माणूस जन्माला येऊ शकतो हे रणजीत चार वर्षांचा झाल्यावर उघडकीला आलं, आणि त्या धक्क्यातून घर अजून सावरलेलं नव्हतं. रणजीत आता एक्कावन्न वर्षांचा होता.

बाकीचं घर गाणारं. उज्वला आत्या मेट्रन म्हणून रिटायर झाली होती, पण पेशंटला भूल चढेपर्यंत ती गीत ऐकवायची, अशी तिची ख्याती. आत्याचा विश्वजित चर्चमध्ये आणि लग्नांत कीबोर्ड घेऊन गायचा, आणि नेरूळपासून पनवेलपर्यंतचे वधुपिते आधी त्याची तारीख घेऊन मग हॉल शोधायचे. रणजीतची स्वतःची मुलगी ईश्वरी गायला लागली की लोक कौतुकाने रणजीतकडे वळायचे आणि विचारायचे, "मिसेस गातात वाटतं?" मिसेस, म्हणजे अरुणा, गात नव्हती. पण हा गळा बापाकडून आला असेल अशी शंका आजवर कोणालाही आली नव्हती.

आणि आजी, विमलबाई, तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. साताऱ्याकडच्या मिशन शाळेत तिने तीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं. ती पेटी दोन्ही हातांनी वाजवायची. मडमेकडून शिकलेली, त्यामुळे उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने खालचे सूर. दोन्ही हात असे अडकले की भाता मारायला दुसरा माणूस लागतो. चार वर्षांच्या रणजीतला नाताळच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत उभं केलं होतं. पहिल्याच गीताला आजीने पेटी थांबवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे कोण गातंय?" रांगेतल्या सगळ्या मुलांनी प्रामाणिकपणे त्याच्याकडे बोट दाखवलं. आजी म्हणाली, "बाळा, तू इकडं माझ्याजवळ ये. तू भाता मार." त्यानंतर पंधरा वर्षं रणजीतने भाता मारला. थोरातांच्या संगीतसेवेत त्याचा वाटा किती, असं कोणी विचारलं तर तो सांगायचा, "वारा माझा."

जुईनगरच्या फ्लॅटमध्ये आजीची शेवटची अठ्ठावीस वर्षं गेली. रोज सात वाजता घरची उपासना. आजीची प्रार्थना म्हणजे घरातलं बातमीपत्र असायचं. डोळे मिटून, हात जोडून, शांत आवाजात ती देवाला सगळं सांगायची. "प्रभू, रणजीतला सिगारेट सोडायला बळ दे. तो पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जातो असं सांगतो." किंवा, "प्रभू, अरुणाच्या मनात माझ्याबद्दल जी अढी आहे ती तू काढ. ती बोलून दाखवत नाही, पण भांडी आपटते." प्रार्थना चालू असताना कोणाला खुलासा करायची सोय नसते, त्यामुळे सगळे 'आमेन' म्हणायचे आणि गुन्हा कबूल झाल्यासारखा व्हायचा. 'आमेन' सुरात नसेल तर आजी डोळे न उघडता ते परत म्हणायला लावायची. रणजीतला तेवढी एक सूट होती.

आता तिला जाऊन वर्ष झालं होतं. आज दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये पुण्यस्मरणाची उपासना होती, आणि सगळा घोळ एका चिठ्ठीने घातला होता.

चिठ्ठी अरुणाला आजीच्या पवित्र शास्त्रात सापडली, ती अंत्यविधी आटोपल्यावर. देवभीरू माणसं आपल्या उपासनेचा क्रम आपणच लिहून ठेवतात, त्यात नवल नव्हतं. आजीने वर्षाच्या उपासनेचाही लिहून ठेवला होता. कॅलेंडरच्या पाठीमागे, शाळामास्तरणीच्या अक्षरात:

*१. प्रार्थना. थोडक्यात. पाळकांना घड्याळ दाखवावे.*
*२. स्तोत्र, सर्वांनी मिळून.*
*३. गीत, माझेच, 'घर हे लहान'. रणजीत, एकट्याने. पेटी नको.*
*४. साक्ष. उज्वला.*
*५. चहा.*

तीन आठवड्यांपूर्वी यावर बैठक झाली. विश्वजित पुण्याला लग्नात गायला गेला होता, म्हणून बैठकीला आत्या एकटीच आली. तिने चिठ्ठी दोनदा वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"नव्वदीत आईचं थोडं इकडचं तिकडं व्हायचं. तिला विश्वजित लिहायचं असणार."

"शेवटच्या आठवड्यात त्यांनी आमटीतलं मीठ बरोबर ओळखलं होतं, आत्या," अरुणा म्हणाली. "डोकं जागेवर होतं त्यांचं."

"मग चेष्टा केली असेल. आईचा स्वभाव तुला माहितीय."

अरुणाने यावर मान हलवली. आजीचा स्वभाव तिला आत्यापेक्षा चांगला माहीत होता, कारण तो तिने रोज जेवायला वाढला होता. दोघींनी मिळून रणजीतकडे पाहिलं. त्याने हसून हात झटकावेत आणि विश्वजितचं नाव सुचवावं, अशी दोघींची अपेक्षा होती. रणजीतचीही तीच होती.

"गाईन ना मी," तो म्हणाला.

हे आपल्याच तोंडातून आलं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. पण त्या दिवसापासून एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसली. आजी जाता जाता आपली चेष्टा करून गेली, की आपल्यावर काही सोपवून गेली? एक्कावन्न वर्षांत त्याच्यावर कोणी फारसं काही सोपवलं नव्हतं. हे कळण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. गायलाच हवं होतं.

त्याने तीन आठवडे रियाज केला. घरी शक्य नव्हतं, म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारात, जिथे तो गोडाऊन सांभाळायचा तिथे, पत्र्यांच्या थप्प्यांमागे उभा राहून. क्रेनचा आवाज चालू असेल तेवढ्यात तो गाऊन घ्यायचा. एकदा क्रेन मध्येच थांबली. माथाडी टोळीतला भैरू थप्पीला वळसा घालून आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"सायब, घरात कुनी गेलं का?"

"आजी गेली. वर्ष झालं."

"मंग आता कशापायी रडताय?"

रणजीतने त्याला सांगितलं की हे रडणं नाही, गाणं आहे. भैरूने जरा विचार केला. "व्हय का," म्हणाला. नंतर त्याने जाऊन क्रेन परत चालू करायला लावली. ही दया होती, हे रणजीतला घरी पोचल्यावर कळलं.

तर आज तीन वाजता रणजीत इस्त्रीचा सदरा घालून, गरम पाण्याच्या गुळण्या करून तयार होता. अरुणा चहाच्या मसाल्यासाठी आलं कुटत होती आणि गेले तीन आठवडे सांगत होती तेच सांगत होती.

"अहो, अजून वेळ गेलेली नाही. घसा बसलाय म्हणून सांगा. आत्यांच्या सासरची माणसं येणारेत. आपलं हसू कशाला?"

"आजीने लिहिलंय."

"आजींनी माझ्या भांड्यांबद्दलपण देवाला सांगितलं होतं. सगळंच मनावर घ्यायचं असतं का?"

तेवढ्यात ईश्वरी हॉलवरून वर आली. खुर्च्या लावायला ती दोनपासून खाली होती. तिच्या हातात छापलेला कागद होता. कार्यक्रमपत्रिका छापून आणण्याची जबाबदारी आत्याने घेतली होती.

"पप्पा, हे बघितलंस का?"

वर आजीचा फोटो, खाली सुंदर अक्षरात क्रम. प्रार्थनेपुढचं घड्याळ गाळलं होतं, ते ठीकच होतं. क्रमांक तीनला छापलं होतं: *गीत (दिवंगत विमलबाईंची रचना): श्री. विश्वजित, कीबोर्डसह.*

रणजीतला आधी हायसं वाटलं. खोटं कशाला बोला. आता घसा बसवायची गरज नाही, हसू होणार नाही, मागच्या रांगेत बसून चहाची वाट बघायची. चांगलं अर्धं मिनिट तो सुखात होता. मग त्याला कळलं की आपल्याला वाईट वाटतंय, आणि बऱ्यापैकी वाटतंय. आता कधीच कळणार नव्हतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझी आईपण तेच म्हणत होती."

अरुणाने त्याच्या हातातून कागद घेतला. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून वाचला. मग खलबत्ता बाजूला सरकवला, तो जरा जोरातच.

"हे यांनी परस्पर छापलं?"

"अगं, तूच म्हणत होतीस ना..."

"मी म्हणणार. माझ्या नवऱ्याला बेसूर म्हणायचा हक्क माझा आहे. यांना छापून वाटायला कोणी सांगितलं?" तिने ओट्यावरचं फडकं उचललं, हात पुसले, आणि आजीच्या शास्त्रातून मूळ चिठ्ठी काढून रणजीतच्या सदऱ्याच्या खिशात घातली. "चला खाली. तुम्ही गाणार."

"अगं पण मला येत नाही."

"ते सगळ्या जुईनगरला माहितीय," अरुणा म्हणाली. "चला."

हॉल भरत आला होता. पुढच्या रांगांत चर्चची मंडळी, मागे सोसायटीतली माणसं. आजीने तिसऱ्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांना स्वर आणि पाढे शिकवले होते, त्यामुळे शेजार झाडून आला होता. शेजारच्या फ्लॅटमधल्या यशोदाबाई नव्या पातळात शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचे यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, गाव साताऱ्याकडंच. भिंतीपलीकडून वीस वर्षं आजीची गीतं ऐकत त्यांनी भाकऱ्या थापल्या होत्या.

आत्या दाराशी उभी राहून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडावं तसं स्मित देत होती. रणजीतने तिला बाजूला घेतलं.

"आत्या, तीन नंबरला माझं नाव होतं."

"होतं." आत्याने नजर चुकवली नाही. मेट्रन होती ती. "बाहेरगावची माणसं आलीयत, रणजीत. तुला त्रास कशाला, म्हणून बदललं."

"मी गातो म्हणालो होतो ना."

"तू गातो म्हणालास म्हणूनच बदललं. नको म्हणाला असतास तर तुझं नाव मानानं तसंच छापलं असतं."

यात काही तरी तर्क होता. त्याने मान डोलावली आणि जाऊन बसला. गप्प जाऊन बसण्यात त्याचा हात धरणारा घराण्यात कोणी नव्हता. अरुणाने त्याच्याकडे एक नजर टाकली आणि पदर खोचला.

पाळकसाहेबांनी मूळ चिठ्ठीतली घड्याळाची गोष्ट कुठून तरी ऐकली असावी, कारण प्रार्थना सात मिनिटांत आटोपली. एरवी त्यांना अब्राहामापर्यंत पोचायलाच सात मिनिटं लागायची. स्तोत्र झालं. मग विश्वजित उठून कीबोर्डमागे उभा राहिला, माइक सारखा केला. त्याचा आवाज बोलतानाही गाण्यासारखाच यायचा.

"हे आजीचं सगळ्यात लाडकं गीत. खरं तर आज हे रणजीतदादा गाणार होता. पण त्याने ही जागा मोठ्या मनाने मला दिली. त्याचे मी सगळ्यांसमोर आभार मानतो."

अरुणाचं कोपर रणजीतच्या बरगडीत बसलं. तो उठला तो त्या धक्क्यानेच उठला, पुढे त्याने कितीही वेगळं सांगितलं तरी. पण उठल्यावर जे बोलला ते त्याचं स्वतःचं होतं.

"मी दिली नाही."

माइक नसताना ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आता बसणं उभं राहण्यापेक्षा अवघड झालं होतं, म्हणून तो पुढे गेला, खिशातली चिठ्ठी काढली आणि विश्वजितच्या हातात दिली. विश्वजितने ती वाचली. त्याचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नव्हता, फक्त चांगला गायक होता.

"आई," तो पहिल्या रांगेकडे बघून म्हणाला, "तू मला सांगितलंस दादा नको म्हणतोय."

आत्या पदराची घडी सारखी करत राहिली.

विश्वजितने कीबोर्डचं बटण बंद केलं. "दादा, मागून हळू कॉर्ड देऊ का? आधार होईल."

"पेटी नको लिहिलंय."

"बघ बाबा," विश्वजित म्हणाला, आणि जाऊन रणजीतच्या रिकाम्या खुर्चीत अरुणाशेजारी बसला.

दीडशे माणसं. रणजीतला त्यातली एकही नीट दिसत नव्हती. ईश्वरी तेवढी दिसली, आणि ती आपल्या चपलांकडे बघत होती. त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं.

*घर हे लहान, मांडिला मी पाट,*
*पाहते मी वाट, प्रभू तुझी.*

वाईट गायला. यात कोणाचं दुमत होणं शक्य नव्हतं. 'घर' जरा बरं निघालं, पण 'लहान'पासून सूर जो निसटला तो 'पाट'वर भलतीकडेच जाऊन बसला. कोणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसारखे डोळे मिटून घेतले. रणजीतला ऐकू येत होतं की आपण चुकतोय, पण कुठे आणि किती हे कळत नव्हतं, ते त्याला जन्मात कधी कळलं नव्हतं. ओळ दुसऱ्यांदा घ्यायची होती. त्याने ती घेतली, आणि पहिल्यापेक्षा खाली.

शेवटच्या रांगेत यशोदाबाईंना राहवेना. ही चाल आजीने जात्यावरच्या ओव्यांची घेतली होती, साताऱ्याकडच्या बाईच्या ती रक्तातच असते. आपल्या ओळखीच्या चालीचे असे हाल त्यांना बघवले नसावेत. त्यांनी बसल्या जागेवरून, उघड्या मोठ्या गळ्याने 'पाहते मी वाट' उचललं आणि सूर होता तिथे आणून ठेवला. लगेच ईश्वरी. मग तिसऱ्या रांगेतल्या दोघी बहिणी, मग खिडकीपाशी बसलेले क्वायरमधले टेनर, म्हणजे उंच गळ्याचे पुरुष, मग विश्वजित. आत्या सगळ्यांत शेवटी, पण तीही आली. शेजारी काही वाकडं चाललेलं असताना हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दुसऱ्या फेरीला टाळ्यांचा ठेका लागला. शब्द न येणारी सोसायटीतली माणसं नुसतं 'प्रभू तुझी' म्हणत होती, ते बरोबर वेळेवर.

गेल्या नाताळात विश्वजितने हेच गीत गायलं तेव्हा लोकांनी मोबाइल वर धरले होते आणि शेवटी टाळ्या वाजवल्या होत्या. आज कोणाचा मोबाइल वर नव्हता. हात मोकळे नव्हते.

रणजीत मध्येच कधी तरी थांबला. कोणाच्या लक्षात आलं नाही. तो तिथे उभा राहून ऐकत होता, आणि त्याला आजीचा सगळा डाव कळला. मास्तरीण होती ती. वर्गातल्या उत्तर न येणाऱ्याला उभं केलं की बाकीचा वर्ग हात वर करतो, हे तिला माहीत होतं. चांगला गाणारा उभा केला तर लोक ऐकतात. हा उभा केला की लोकांना धावून यावंच लागतं. म्हणजे चेष्टाच होती, पण कामाची चेष्टा होती. त्याला हसू आलं, आणि हसता हसता थोडं लागलंही. आपण उपयोगी पडलो एवढंच. भाता मारला, तसंच.

तेच कडवं तीन वेळा झालं. पाळकसाहेबांनी हात वर करून मंडळीला थांबवलं तेव्हा लोक दमून, खूष होऊन खुर्च्यांत टेकले. विश्वजितने सरकून रणजीतला जागा करून दिली. अरुणा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बरं झालं. लवकर वाचवलं लोकांनी."

क्रमांक चार. साक्ष, म्हणजे गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द. आत्या उठली. तिच्या हातात चार पानं होती. त्यातलं काही तिने आदल्या दिवशी अरुणाला फोनवर वाचून दाखवलं होतं. त्यात आजी पहाटे चारला उठायची, कधी कोणाला टोचून बोलली नाही, वगैरे होतं. आत्याने पानं उघडली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"माझे बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते," ती म्हणाली. "इथे त्यांना पाहिलेलं कोणी नाही. रणजीत सहा महिन्यांचा होता तेव्हा ते गेले. हे गीत आईने लग्नाच्या पहिल्या वर्षी लिहिलं, एका खोलीत राहायचे तेव्हा. आणि पहिल्यांदा गायलं ते बाबांनी." तिने चष्मा मिटून टेबलावर ठेवला. "बाबा बेसूर होते."

हॉलमध्ये कोणी तरी हसलं आणि थांबलं. रणजीतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. घरात आजोबांचा एक फोटो होता, कोट घातलेला, मिशीवाला. त्या फोटोबद्दल त्याला सांगितलेलं सगळं आठवत होतं. हे कोणी सांगितलं नव्हतं.

"चर्चमध्ये मंडळी मरगळलेली असली की आई बाबांना म्हणायची, तुम्ही सुरू करा. बाबा सुरू झाले की दोन ओळींत सगळी मंडळी गायला लागायची. आत्ता झालं तसंच. बाबांना ते कळायचं, तरी ते गायचे. मला लाज वाटायची. सोळा वर्षांची होते, बोर्डिंगच्या मैत्रिणी शेजारी बसायच्या. एका रविवारी घरी येऊन मी म्हणाले, बाबांना गाऊ देऊ नको, मी चर्चला येणार नाही." आत्याने टेबलाची कड धरली. "आईला सांगत होते, पण बाबांनी ऐकलं. त्यानंतर ते गायले नाहीत. पुढच्या वर्षी गेले. आई मला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाही. देवालाही बोलली नाही, मी तिच्या सगळ्या प्रार्थना कान देऊन ऐकल्यात."

अरुणाने रणजीतचा हात धरला. चारचौघांत ती असं करत नसे.

"हा रणजीत लहानपणी भाता मारताना गुणगुणायचा. मी म्हणायचे, आई, याला गप्प कर, तुझी पेटी ऐकू येत नाही. ती म्हणायची, पेटीचं राहू दे, मला हवं ते ऐकू येतंय. मला वाटायचं नातवाचे लाड. गेल्या आठवड्यात मी तिच्या कागदावरचं नाव बदलून छापलं. मला वाटलं, माणसं हसतील. म्हणजे मी अडुसष्टाव्या वर्षी परत तेच केलं." तिने पानांची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "आत्ता त्याने पहिली ओळ घेतली तेव्हा मी बाबांना ओळखलं. एक्कावन्न वर्षांनी. मला नीट ऐकायलाच मिळालं नाही, तुम्ही सगळे मध्ये पडलात. मीपण पडले."

मग ती रणजीतकडे वळली.

"दुसरं कडवं राहिलंय. ये."

"आत्या, नको आता. झालं ना."

"उठ म्हटलं ना." आणि मंडळीकडे वळून, वॉर्डात आवाज द्यावा तशी, "एक विनंती आहे. या वेळी कोणी मदत करायची नाही. यशोदाबाई, तुम्हीसुद्धा."

"न्हाई करत, माय," यशोदाबाई मागून म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

रणजीत परत त्याच जागेवर येऊन उभा राहिला. मघाशी लोक हसतील याची भीती होती. आता लोक ऐकणार होते, आणि ही जास्त मोठी अडचण होती. आपल्या घशात दुसऱ्या माणसाचा आवाज आहे, ज्याला आपण फोटोत सोडून कुठे पाहिलं नाही, आणि आजी तो पंधरा वर्षं रोज शेजारी बसवून ऐकत होती, हे सगळं त्याच्या मनात एकदम आलं आणि घसा खरोखरच बसला. त्याने खाकरून घेतलं. ईश्वरी या वेळी वर बघत होती.

*अन्न हे साधेच, त्यात तुझा घास,*

कोणी हललं नाही. पाळकसाहेबांचे डोळे उघडे होते. ओळ घसरत, ठेचकाळत चालली होती. तीन आठवड्यांच्या रियाजाचा काडीचाही उपयोग झालेला नव्हता, आणि दीडशे माणसं ती ओळ जशी येत होती तशी ऐकत होती. आत्या टेबलाची कड धरून, डोळे मिटून उभी होती.

*नको रे उपास...*

'उपास'वर त्याचा सूर पार खाली गेला. आत्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, डोळे मिटलेलेच होते.

"अगदी इथेच," ती म्हणाली. "इथेच चुकायचे."